घरच्या पत्रिकेत फुईचं नाव

दादाच्या लग्नाची पत्रिका माझ्या पेटीत अजून आहे. सोनेरी कडा, वर उठावाचा गणपती आणि आत चौऱ्याऐंशी नावं. त्यात फुईचं, म्हणजे माझ्या आत्याचं, नाव नाही. फुवांचं आहे, मागं 'कै.' लावून, आशीर्वाद देणाऱ्यांच्या रांगेत तिसरं. फुवा जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. आणि ज्या फुईनं दादाला आणि मला न्हाऊमाखू घातलं, माय शेतात असायची तेव्हा दोघांना दोन मांड्यांवर घेऊन भरवलं, ती बाई पत्रिकेत कुठंच नव्हती.

छापखान्याला बोल लावायला जागा नाही. यादी आमच्याच ओट्यावर, आमच्याच माणसांनी केली होती.

हळदीच्या आदल्या रात्री फुईनं ती पत्रिका माझ्या हातात दिली. तिला वाचता येतं. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकली, अक्षराला बोट लावून वाचते. पण अक्षर फार बारीक होतं. म्हणाली, "तू वाच. मनं नाव उनं का?" मी वाचत गेले आणि फुवांच्या नावापाशी आल्यावर म्हणाले, "हो, दोघांचं आहे." ती हसली आणि पत्रिका घडी करून कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी उजेडात तिनं ती स्वतः वाचली असणारच. मला एका शब्दानं बोलली नाही. दिवसभर चुलीपुढं बसून बट्ट्या करत राहिली.

म्हणून २०२५ च्या जानेवारीत शिरपूरकडच्या मंडळींशी माझा साखरपुडा झाला आणि २ मे ही तारीख ठरली, तेव्हा मी आप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं, पत्रिका मी घरी करणार. कागद मी आणीन, मजकूर मी लिहीन, छपाई दादाच्या सेवा केंद्रातल्या प्रिंटरवर. आप्पांना वाटलं, पैसे वाचवायचे आहेत. मी ते तसंच राहू दिलं.

तारीख आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धरून होती. ३० एप्रिलला आखाजी, त्याला लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात. अमळनेरला सखाराम महाराजांची यात्राही त्याच दिवसांत, त्यामुळं सुरतेला उधना-लिंबायतला स्थायिक झालेले आमचे लोक तशाही सुट्ट्या टाकून गावाकडं येतात. लग्न गोरज मुहूर्तावर, कारण मेच्या दुपारी आमच्याकडं कुणाला मांडवात बसवणं म्हणजे त्याला आजारी पाडणं.

आधी मी मजकुराला बसले. कापसाच्या वजनाची जुनी वही होती, तिच्या पाठकोऱ्या पानांवर लिहीत गेले. पुण्याच्या एका मैत्रिणीची पत्रिका डोळ्यापुढं होती. चार ओळी, दोन नावं, ठिकाण, वेळ. मला ती फार आवडली होती. तशी लिहून मी आप्पांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही नोटीस झाली, बेटा." आणि एकेक नाव घेऊन सांगायला लागले. तुझा आजा गेला त्या रात्री बोरीला पूर होता, हा माणूस पलीकडून पाण्यातून आला. ह्यानं दादाच्या फीसाठी स्वतःचा कापूस आधी मोडला. ह्याच्याशी आपलं बांधावरून वाजलं, सात वर्षं बोलणं नाही, त्याचं नाव तर आधी टाक. नाव छापलं की तो येईल.

मी त्या चार ओळी खोडल्या. आमच्याकडं पत्रिका म्हणजे कुणाकुणाच्या आधारानं हे घर उभं आहे, त्याची कबुली असते. निमंत्रक, व्यवस्थापक, आशीर्वाद, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी बारकी पोरं, या सगळ्या रकान्यांना मी शहरात राहून नाक मुरडायला शिकले होते. पण खोट रकान्यांत नव्हती. ते भरताना अर्धी माणसं गळत होती. म्हणून मी ठरवलं, नावं सगळी राहतील, फक्त घरानुसार. एका घराची एक ओळ, त्यात नवरा-बायको दोघांचीही स्वतःची नावं. 'श्री. व सौ. अमुकराव' असं नाही. आणि जिथं नवरा नाही तिथं त्या बाईचं नाव.

इथं घर अडलं. जिभाऊ, म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, मनानं वाईट नाहीत. पण ते म्हणाले, मंगलपत्रिका आहे, तीत असं नाव घालत नाहीत, लोक बोलतील, उद्या काही बरंवाईट झालं तर तुझ्याच पत्रिकेवर येईल. आप्पा खाली बघत राहिले. मी खूप बोलले, कायदा काढला, शिक्षण काढलं, त्यानं काही हललं नाही. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी जेवायला वाढताना माय जिभाऊंना म्हणाली, "तिना हातनी बट्टी चालस, आन तिनं नाव चालत नही?" जिभाऊंनी घास खाली ठेवला. मग म्हणाले, टाका.

मायच्या नावाचं त्या मानानं सोपं गेलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आईचं नाव घालायचं, असा नियम आपल्या सरकारनंच केला आहे, आणि दादा रोज केंद्रात दाखल्यांचे फॉर्म भरतो, त्याला तो पाठ होता. मला माझ्या नावापुढंच मायचं नाव हवं होतं. पण दादानं अडवलं. लग्नाची नोंदणी करायला ग्रामपंचायतीत पत्रिका जोडावी लागते, आधार कार्डावरचं नाव आणि पत्रिकेवरचं नाव वेगळं पडलं तर खेटे घालावे लागतात. हे त्याचं खरं होतं. घरी पत्रिका करणाऱ्यानं ही गोष्ट पहिल्यांदा बघावी, लाडाचं नाव छापायचं असेल तर खाली कंसात. शेवटी माझं नाव आधारप्रमाणे ठेवलं आणि निमंत्रकात मायचं नाव आधी, आप्पांचं नंतर.

शब्दांवर सगळ्यात जास्त दिवस गेले. 'करण्याचे योजिले आहे' हे मला कोर्टाच्या कागदासारखं वाटायचं. 'चि. सौ. कां.' म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, सौभाग्याची इच्छा धरणारी. मुलगा नुसता चिरंजीव आणि मुलीनं मात्र इच्छा धरायची, हे मला पटेना. दोघांनाही नुसतं 'चि.' लावलं. गुरुजींना विचारलं, ते म्हणाले, दोघंही दीर्घायुषी व्हा एवढाच त्याचा अर्थ, काही बाधत नाही. नवव्या खेपेला आतला मजकूर असा उतरला:

'आमची लेक आणि शिरपूरकर मंडळींचा लेक आता एक घर मांडत आहेत. लहानपणापासून तिला ज्यांनी खांद्यावर घेतलं, शाळेत सोडलं, आजारपणात रात्री जागवल्या, ती सगळी माणसं त्या संध्याकाळी आमच्या दारात असावीत, एवढीच आमची इच्छा आहे. घरातल्या थोरामोठ्यांना आणि लेकरांना घेऊन या.'

आप्पांनी हे दोनदा वाचायला लावलं. 'आमच्या दारात' ऐवजी 'आमच्या मांडवात' करा म्हणाले. केलं. दारात सोयरे उभे राहतात, मांडवात बसतात, हा फरक मला आधी सुचला नव्हता.

पहिल्या पानावर मात्र मला अहिराणी हवी होती. अमळनेरला २०२४ च्या फेब्रुवारीत सत्त्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, तेव्हा मी तीन दिवस मांडवातून फिरले होते आणि तेव्हापासून मनात होतं, की जी भाषा आमच्या घरात चुलीपाशी बोलली जाते, ती आम्ही छापायच्या कागदावर का येऊ देत नाही? आमच्याकडं आवतन देताना 'चूलबंद' सांगतात. म्हणजे एकट्यादुकट्यानं यायचं नाही, त्या दिवशी तुमच्या घरी चूलच पेटायची नाही. ते मला जसंच्या तसं हवं होतं:

'आमनी पोरनं लगीन शे. समदासनी येवानं. त्या दिन घर चूल पेटाडानी नही.'

एवढ्या तीन वाक्यांवर चार दिवस. 'समदा' की 'सम्दा'? शाळेत कुणी अहिराणी लिहायला शिकवलेलं नाही, जो तो कानानं लिहितो. शेवटी फुईला तीनदा म्हणायला लावलं आणि तिच्या तोंडून जसं आलं तसं ठेवलं. हे सगळं कशासाठी चाललंय ते तिला आम्ही सांगितलेलं नव्हतं.

मग टायपिंग. आधी दादाकडच्या जुन्या फॉन्टमध्ये केलं होतं, ते माझ्या लॅपटॉपवर उघडलं तर नुसती चित्रविचित्र चिन्हं. सगळं पुन्हा युनिकोडमध्ये केलं. फॉन्ट घेताना एक बघावं, की 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे आहेत की हिंदी. मी टिरो देवनागरी मराठी घेतला, त्यात ते आपल्या वळणाचे आहेत. 'वऱ्हाडी' टाइप केलं की पुन्हापुन्हा 'वर्हाडी' उमटायचं, तो अर्धचंद्रासारखा र कळफलकावर वेगळा शोधावा लागतो. 'श्री'च्या दोन्ही बाजूंना पुष्कळ जण इंग्रजी कळफलकावरच्या उभ्या रेघा टाकतात, पण देवनागरीचा स्वतःचा दुहेरी दंड आहे, तो वापरला की ओळ नीट बसते. अक्षराचा आकार मी चौदा ठेवला. दादा म्हणाला, इतक्या मोठ्या अक्षरात एकसष्ट घरं मावणार नाहीत. मी फुलं काढून टाकली, वेलबुट्टी काढली, गणपती लहान केला. मावली.

छापायच्या आधी एक कच्ची प्रत गुरुजींना दाखवली, हे फार बरं केलं. मी फेब्रुवारीत टाइप करत होते, समोर भिंतीवरचं कॅलेंडर शके १९४६ दाखवत होतं, मी तेच टाकलं. पण लग्न गुढीपाडव्यानंतरचं. ३० मार्चला शक बदलणार होता. गुरुजींनी पेन्सिलीनं गोल केला आणि शेजारी लिहिलं: शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, वैशाख शुद्ध ५. छापून झाल्यावर हे कळलं असतं तर साडेतीनशे पत्रिका वाया होत्या.

कागदासाठी माझं मन हातकागदावर होतं. तो सुती चिंध्यांपासून बनतो, आणि कापसावर वाढलेल्या घराची पत्रिका कापसाच्या कागदावर असावी, असं फार वाटत होतं. दोन-चार तुकडे आणून प्रिंटरमधून काढून पाहिले. कागदाचा पोत खडबडीत, टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची कोरडी पूड, धड चिकटत नाही, नखानं खरवडला की अक्षर निघतं. म्हणून हातकागद अकराच घेतले, देवाच्या आणि थोरांच्या पत्रिकांसाठी, आणि त्या बोरूनं हातानं लिहिल्या. बाकीच्यांसाठी गुळगुळीत जाड कागद. अडीचशे जीएसएमचा आणला होता, तो दादाच्या लहान प्रिंटरनं गिळलाच नाही, प्रत्येक तिसरा कागद आत अडकायचा. बदलून एकशेसाठचा आणला, आणि प्रिंटरचं मागचं झाकण उघडं ठेवून कागद वळण न घेता सरळ बाहेर पडेल असं केलं. मग चाललं. पाठपोट छापताना कागद उलटवायची दिशा चुकली आणि बावीस पत्रिकांचा आतला मजकूर उलटा आला. त्या बावीस कागदांच्या पुढं जेवणाच्या पंगतीसाठी चिठ्ठ्या झाल्या.

शाईच्या प्रिंटरवर छापणाऱ्यांसाठी एक सांगते. पत्रिकेच्या कोपऱ्यांना आपण ओली हळद-कुंकू लावतो. मी आधी एका मैत्रिणीच्या शाईच्या प्रिंटरवर नमुना काढला होता, त्यावर ओलं बोट लागताच काळं अक्षर पसरलं. टोनरचं पसरत नाही.

घडी घालायचं काम वहिनी आणि मायनं केलं. जाड कागद नुसता दुमडला की घडीवर तडकतो आणि पांढरं दिसतं. आधी पट्टी ठेवून संपलेल्या रिफिलीनं रेघ दाबायची, मग दुमडायचं. कागदाला लाकडासारखा धागा असतो, धाग्याच्या दिशेनं घडी निमूट बसते, आडवी घातली की कुरकुरते. पाकिटं चिकटवायला मैद्याची खळ शिजवली, किडा लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद, आणि ते पातेलं स्वयंपाकातून कायमचं बाद केलं, मोरचूद विषारी असतं. पाकिटावर कापसाचं फुटलेलं बोंड उमटवायचं होतं. बटाट्यावर कोरलं, पाऊणशे ठशांनंतर बटाटा सुकून कडा वाकल्या. मग मोठ्या खोडरबरावर कोरलं, ते शेवटपर्यंत टिकलं. ही संध्याकाळची कामं मला सगळ्यात आवडली. ओट्यावर सतरंजी, पोरं ठसे मारताहेत, कुणी मोजतंय, आप्पा नुसतेच बसून प्रत्येक पत्रिका उघडून बंद करताहेत.

पहिली पत्रिका म्हसदीला धनदाई देवीच्या पायाशी ठेवून आप्पा आले. दुसरी मी फुईला दिली.

दुपार होती. ती ओसरीत बसली, पत्रिका मांडीवर उघडली, पहिल्या पानावर बोट ठेवलं. स्वतःचेच तीन बोल वाचून तिनं माझ्याकडं बघितलं. मग आतलं पान. एकेका घराला बोट लावत खाली आली. सातव्या ओळीत तिचं नाव होतं, आणि फुवांचंही, शेजारी. तिथं बोट थांबलं. मला वाटलं, आता ती काही म्हणेल. काही म्हणाली नाही. बोट पुढं सरकलं, आठवी ओळ, नववी, दहावी, एकसष्टाव्या घरापर्यंत. पाऊण तास लागला असेल. मग पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली आणि म्हणाली, "सुरतवाली काकूनं नाव कोठे शे?"

नव्हतं. आप्पांची चुलत भावजय, उधन्याला असते, नवरा जाऊन वीस वर्षं झाली. मी यादी केली होती दादाच्या लग्नातल्या आहेराच्या वहीवरून. त्या वहीत आहेर तिच्या मुलाच्या नावानं लिहिलेला होता, म्हणून माझ्या यादीत मुलगा आणि सून आले, ती आली नाही. नावं गळू नयेत म्हणून इतकं सगळं केलं, आणि घेतलं ते जुन्याच वहीतून. मला रडू आलं. फुईनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, जागा आहे ना खाली, लिही की.

एकसष्टाव्या ओळीखाली बोटभर जागा होती. त्या रात्री दादा, वहिनी, मी आणि फुई असे चौघं बसलो आणि साडेतीनशे पत्रिकांत काकूंचं नाव काळ्या पेनानं हातानं लिहिलं. फुई सावकाश लिहिते, प्रत्येक अक्षर आधी मनात काढून मग कागदावर. तिच्या वाट्याला चाळीस पत्रिका आल्या. सुरतेचा गठ्ठा तिनं मागून घेतला. तो गठ्ठा जिभाऊ स्वतः गाडीनं घेऊन गेले, आणि काकू लग्नाला आल्या त्या पत्रिका पिशवीत घालूनच आल्या.

लग्न झाल्यावर पंधरा दिवसांनी आम्ही ग्रामपंचायतीत नोंदणीला गेलो. नोंदणीच्या अर्जाला, म्हणजे नमुना 'ड'ला, तीन साक्षीदार लागतात. दोन माणसं होती, तिसरी फुई. तिथल्या भाऊसाहेबांनी पत्रिका उघडून आमची नावं आधारशी ताडून पाहिली, मग खालच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "हे हातानं कुणी लिहिलंय?"

घरात उरलेल्या पत्रिकांतून मी नेमकी कुठली उचलली होती, ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तोवर फुईनं पेन घेतलं होतं आणि तिसऱ्या साक्षीदाराच्या जागी ती तिचं नाव लिहीत होती. आधी मनात, मग कागदावर. भाऊसाहेबांनी दोन्ही अक्षरं बघितली, काही विचारलं नाही आणि पत्रिका अर्जाला टाचून फायलीत लावली.